हॉलमधला दहाचाकी

आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तर एका मित्रानं माझ्या शर्टावरच फुर्रर केलं होतं. आणि वंदनाले, म्हणजे माझ्या बायकोले, विचारायचं नाही. ती वाढवून सांगते. माझा गाढवपणा माझ्याच तोंडून ऐका, जरा कमी वाटेल.

तर आता काय सांगू तुम्हाले, मले गाडी चालवता येत नाही. घ्या! सांगून टाकलं. रायपूर राजधानी झाली, आमचं हापिस नव्या रायपूरले गेलं, रस्ते असे रुंद झाले की झोपलेला माणूसही गाडी घेऊन जाईल. मी मात्र हापिसच्या बसनं जातो. घरची गाडी वंदना चालवते. मी बाजूले बसून "डावीकडून घे, डावीकडून" एवढं मोलाचं मार्गदर्शन करतो.

माझे सासरे नागपूरचे. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं, आता रिटायर आहेत. मागच्या दसऱ्याले आले, तर स्टेशनवरून घरी येताना मागच्या सीटवरून म्हणतात, "काय जी जावईबापू, गाडी आमची पोट्टी चालवते. तुम्ही काय नुसता डब्बा धरून बसता?"

माझ्या मांडीवर खरंच डब्बा होता हो! सासूबाईंनी पाठवलेला, चिवड्याचा.

असं झोंबलं म्हणून सांगू! रागाच्या भरात बोलून गेलो, "पुढच्या दसऱ्याले या बाबा. मी चालवून दाखवतो."

अकरा महिने टाळण्यात गेले, दसरा महिन्यावर आला. आता शिकायचं कुठं? रस्त्यावर? तिथं तर माणसं असतात! मग मले सुचलं. मॉलमध्ये ती पेटी नसते का, आत बसून पडद्यावर गाडी पळवायची? तशीच घरी बनवायची, आधी तिच्यावर हात बसवायचा. आहे की नाही शास्त्रशुद्ध? तात्यापारा मोहल्ल्यातून सुतार आणला, प्लायवूडची भल्ली मोठी पेटी ठोकली, आत जुना कॉम्प्युटर टाकला, समोर टीव्ही लावला. चौबे कॉलोनीतल्या आमच्या हॉलमधून सोफा बाहेर गेला. वंदना त्याच्यावर चादर टाकून आली.

राहिलं स्टेअरिंग. आमची पोट्टी पूर्वा कॉलेजात आहे. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते.

"पापा, गेम वाला स्टेरिंग लो. दो टाइप के आते हैं. एक पौन चक्कर में रुक जाता है, दूसरा ढाई चक्कर घूमता है. दोनों के साथ पैडल मिलता है."

"प्लास्टिकचं असते काय?"

"हाँ, तो?"

"तुझे आजोबा इंजिन चालवत होते, इंजिन! त्यांच्यासमोर मी खेळणं फिरवू?"

"पापा, सुनो तो सही..."

मी काहून ऐकू? बाप कोण आहे, मी का ती?

गेलो भनपुरीले. तिकडे ट्रकच्या सामानाची दुकानंच दुकानं. एका दुकानात मालक बसले होते, साहू भैया. त्यांनी विचारलं, "कौन गाड़ी के लिए चाहिए?"

बाजूले चार ड्रायव्हर उभे, कोपरापर्यंत ग्रीस. त्यांच्यासमोर काय सांगू, टीव्हीतल्या गाडीसाठी? तोंडातून निघालं, "ट्रक."

"कितना चक्का?"

"दस."

"खुद की है?"

"हव!" मी छत्तीसगढीत ठणकावलं.

झालं! स्टूल आलं, चहा आला, हापिसातल्या बाबूचा मी सेठ झालो. साहू भैयांनी परातीएवढं स्टेअरिंग काढलं, खाली हातभर लोखंडी दांडी. "इसमें दम है, सेठ." मीही ते हातात तोलून अशी मान हलवली, जसे काही जन्मभर घाटात ट्रकच हाकले. पावतीवर घरचा पत्तासुद्धा ऐटीत लिहून दिला.

घरी आणलं. पूर्वानं वरून पाहिलं, खालून पाहिलं. "पापा, इसका तार कहाँ है?"

"कसला तार?"

"आपने घुमाया, ये कॉम्प्युटर को कौन बताएगा?"

आता दुकानात चाकं विचारली, मालक विचारला. तार कोणी विचारला होता का मले?

तरी मी ते पेटीत ठोकलंच. पोट आणि स्टेअरिंग यांच्यातून कागद जाईना. पूर्वा कीबोर्डवरून गाडी पुढे काढायची आणि मी घाम गाळत स्टेअरिंग फिरवायचो. डावीकडे फिरवा, गाडी सरळ. उजवीकडे फिरवा, गाडी सरळ. सरळ जाऊन भिंतीत. असे पंधरा दिवस गेले आणि दसरा उजाडला.

सासरे आदल्या दिवशीच आले होते. पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. "चालवा जी, पाहू."

मी बाल्कनीत पळालो आणि साहू भैयांना फोन लावला. चूक माझी थोडीच होती! "भैया, कैसा स्टेरिंग दिया? घुमाता हूँ तो गाड़ी मुड़ती नहीं, सीधे दीवार में घुसती है!"

पलीकडून हळूच, "सेठ, किसी को लगी तो नहीं?"

"पंद्रह दिन से रोज ठोक रहा हूँ!"

"रोज? सेठ, चाबी निकाल लो! हाथ मत लगाना! मैं आ रहा हूँ!"

अर्ध्या तासात पिकअप आमच्या गल्लीत. साहू भैया, एक मिस्त्री, एक जॅक आणि दसरा म्हणून झेंडूचा हार, नारळ, लिंबू-मिरची. दुरुस्तीही करणार, पूजाही करणार. इतका भला माणूस!

"सेठ, गाड़ी कहाँ खड़ी है?"

"कोणती गाडी?" सासरे म्हणाले.

"इनका दस चक्का, बाबूजी. रोज दीवार ठोक रहा है."

मी पंख्याकडे पाहून राहिलो. पूर्वानं बोट दाखवलं, "अंकल, वो रही."

साहू भैयांनी प्लायवूड पाहिलं, स्टेअरिंग पाहिलं, मग मले पाहिलं. हसले नाहीत, शपथेवर सांगतो. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला काढल्या, स्टेअरिंगले हार घातला, कुंकू लावलं आणि चाकाखाली ठेवायचं लिंबू हातात घेऊन अगदी मनापासून विचारलं, "सेठ, रखूँ किसके नीचे?"

तेवढ्यात बाहेर हॉर्नवर हॉर्न. पिकअपनं गल्ली अडवली होती. साहू भैयांच्या हातात नारळ, मिस्त्री जॅक घेऊन पेटीखाली. त्यांनी चाबी माझ्याकडे फेकली. "सेठ, ज़रा साइड लगा दो."

चाबी माझ्या हातात. सासरे चष्मा पुसून माझ्याकडे पाहून राहिले. वर्षभर याच क्षणाची वाट पाहिली होती ना मी? लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. बाहेरचा माणूस हॉर्नवरून हात काढेना.

वंदनानं माझ्या हातातून चाबी घेतली, पदर खोचला, बाहेर गेली आणि ती पिकअप एका दमात मागे घेऊन भिंतीले लावून आली. चाबी परत केली आणि कढीले फोडणी द्यायले आत गेली.

साहू भैयांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "सेठ, गाड़ी तो भाभीजी के पास है. आपके पास खाली स्टेरिंग है."

दुसऱ्या दिवशी आम्ही सासऱ्यांना स्टेशनवर सोडायले निघालो. वंदना चालवून राहिली होती, मी बाजूले बसलो होतो. मागून एक डब्बा आला आणि माझ्या मांडीवर टेकला.

"घट्ट धरा, जावईबापू," सासरे म्हणाले. "पुढे वळण आहे."