आत्याबाईंच्या डावीकडची जागा

प्रभुभोजनाच्या रांगेतून उठून गेलेल्या माणसांची कुणी मोजदाद केली, तर साऱ्या ख्रिस्ती जगात आमच्या आतोबांचा पहिला नंबर लागेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याबाईंचे यजमान. मी जुन्नरला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा कुकडीकाठच्या त्यांच्या पेरूच्या बागेतच राहिले. त्या दिवसांतली सकाळ आठवायला गेले की अजून आधी धुकं आठवतं. शिवनेरीचा कडा त्यात निम्मा बुडालेला असायचा, आणि झाडांमधून आतोबांचा आवाज यायचा. झाडांना आळी करता करता ते देवाशी बोलत, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं, आणि मध्येच उत्तर ऐकायला खुरपं थांबवत. उपासनेत डोळे मिटले की मात्र घोरू लागत. पादरीबाबांनी टोकलं तर शांतपणे म्हणत, "डोळं झाकलं की मला देव दिसत न्हाई, झोप दिसती." पादरीबाबा त्यांच्यापुढे हात टेकून बसलेले होते.

खरी पंचाईत व्हायची ती प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूची आठवण म्हणून गुडघे टेकून पाव घ्यायच्या वेळी. आधी भावाशी समेट, मग देवापुढे अर्पण, असं शास्त्रात आहे. आम्ही सगळे ते ऐकतो, मान डोलावतो आणि पावासाठी हात पुढे करतो. आतोबांनी ते अक्षरशः मनावर घेतलं होतं. गुडघे टेकले रे टेकले की त्यांना कुणीतरी आठवायचं, आणि ते पागोटं सावरत उठून चालू लागायचे. एकदा असेच उठले ते थेट बाजारपेठेत गुजर शेठजींच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "शेठ, गूळ तोलताना तुमी काटा मारला आसं माज्या मनात आलं व्हतं. माफी द्या." शेठजींना यातलं काही ठाऊकच नव्हतं. ते इतके भडकले, की तोवर नसलेलं भांडण त्या दिवशी सुरू झालं, आणि ते मिटवायला आतोबांचे पुढचे दोन रविवार गेले. शेवटी शेठजींनीच कंटाळून त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

पण एक भांडण काही केल्या मिटत नव्हतं. आतोबांचे थोरले भाऊ अवसरीला शेती करत. आतोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी त्यांची आई गेली. नवा धर्म, नवा जोर. कुणीतरी सांगितलं, की आता क्षौर करायचं नाही, ते जुनं झालं. आतोबा चितेशी ढसढसा रडले, पण डोक्याला वस्तरा लावू दिला नाही. थोरल्यांनी एवढंच पाहिलं. "आईसाठी ह्याला चार केस जड झालं," म्हणाले आणि दार लावलं ते लावलंच. दरवर्षी आतोबा पेरूंची करंडी डोक्यावर घेऊन अवसरीला पायी जात, ओसरीखाली दिवसभर बसत आणि करंडी तिथंच ठेवून परत येत. त्यामुळे जुन्नरातली सगळी भांडणं मिटली, तरी रांगेत बसल्यावर हे एक उरायचंच. पादरीबाबा कळवळून सांगत, "अहो, तुमचं मन साफ आहे, तुम्ही जेवा." आतोबा म्हणत, "भाऊ रुसलेला आन मी जेवू? कसं गोड लागंल?"

यात जीव जायचा आत्याबाईंचा. प्रभुभोजनाचा पाव त्याच भाजत, अगदी सोवळ्यात असल्यासारख्या, कुणाशी न बोलता. रांगेत गुडघे टेकताना त्या डावीकडे एका माणसाची जागा सोडत. आतोबा उठून गेले, की ती रिकामी जागा हाताने पुसल्यासारखं करून एकट्याच पाव घेत. "मला दुसरं काय नको गं," एकदा पीठ मळताना मला म्हणाल्या, "मरायच्या आदी एकदा ह्यांच्या शेजारी बसून जेवायचंय." त्या वर्षी त्यांचा खोकला हटत नव्हता. आतोबा दारातच उभे होते. दुसऱ्या दिवशी करंडीही न घेता निघून गेले.

ईस्टरच्या सकाळी उपासना सुरू झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. आम्ही रांगेत बसलो, आत्याबाईंनी सवयीने जागा सोडली, आणि एक गोटा केलेला, बिनमिशांचा म्हातारा तिथं येऊन टेकला. आत्याबाईंनी त्याला सरकायला सांगितलं. मग नीट पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. मागे कुजबुज उठली: हा जुन्या धर्मात परत फिरला, ह्याने जुना विधी केला, ह्याला पाव द्यायचा कसा? पादरीबाबा ताट घेऊन पुढ्यात थांबले. "हे काय केलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"दादाच्या दारात बसून न्हाव्याला म्हनलं, आईचं राहिलंय ते कर," आतोबा म्हणाले. "दादा नुसता बघत व्हता. मंग सोता उठून त्यानं माज्या डोक्यावर पानी वतलं. म्हनला, जेवून जा." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "डोक्यावरचा केस न् केस देवानं मोजलाय म्हंता न्हवं? मंग कुठं गेलं ते त्याला ठावं आसंल."

पादरीबाबांनी ताट डाव्या हातावर घेतलं. मग त्यांनी त्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला आणि पाव दिला. आतोबा आणि आत्याबाई शेजारी शेजारी जेवले. पावसाळ्याच्या आतच आत्याबाई गेल्या. आतोबा त्यानंतर रांगेत यायचे ते डावीकडच्याच जागेवर, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून.

आता दोघंही नाहीत. तिथं मी बसते. माझी धाकटी बहीण डिंभ्याला असते, आणि तिच्या लग्नात मी जे बोलले त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. गुडघे टेकले की ती मला आठवते, दर वेळी आठवते. मी उठत नाही. हात पुढे करते, आमेन म्हणते, घरी येते. जुन्नरहून डिंभे काही अवसरीपेक्षा लांब नाही.