अमेरिकेचं गाणं आणि इंदूकाकूची फुगडी

इंदूकाकू आज सकाळी गेली.

कोल्हापुरात रॅपवर नाचलेली पहिली बाई कोण, असं कुणी विचारलं तर मी तिचंच नाव सांगेन. पुरावा मागू नका. आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शाहूपुरीत आमचं घर. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ऐन तिशीत गेले आणि काकू आमच्यातच राहिली.

त्याआधी तिची फुगडी बघायला दुसऱ्या गल्लीतल्या बायका यायच्या म्हणे. बसफुगडी, एका हाताची फुगडी, सगळं.

काका गेले आणि ते बंद झालं. विधवेनं गौरीपुढं खेळायचं नाही.

तोंडावर तसं कुणी म्हटलंही नसेल. ती आपणहून स्वयंपाकघराच्या दारात बसायची आणि तिथनं बघायची. पाय मात्र हलायचे. मी बघितलेत.

तेव्हा ब्रेकडान्सचं खूळ नुकतंच आलेलं. दादानं मुंबईहून एक कॅसेट आणली. अमेरिकेतल्या पोरांचा रॅप ग्रुप, आणि तिकडं सुपरहिट झालेलं त्यांचं नाचाचं गाणं.

चाल अशी नाहीच. नुसता ठोका, आणि त्यावर ती पोरं एकापाठोपाठ एक दणादण बोलतायत.

बाबांनी ऐकून विचारलं, "गात्यात का भांडत्यात?"

काकू मात्र हातातलं काम टाकून ऐकत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "एकानं टाकायचं, दुसऱ्यानं उचलायचं. फुगडीतल्या उखाण्यागत हाय की गं हे!"

त्या वर्षी गौरीच्या दुपारी बायका खेळून दमल्या, पाणी प्यायला टेकल्या. मी आगाऊ. टेपरेकॉर्डर बाहेर आणला आणि ती कॅसेट लावली. दादाकडून शिकलेल्या चार स्टेप्स मला दाखवायच्या होत्या.

माझ्याकडं कुणी बघितलंच नाही.

काकू उठली होती. पदर खोचून सरळ सोप्याच्या मधोमध.

शेजारच्या आक्का गल्लीत सगळ्यात मोठ्या. त्या कडाडल्या, "इंदे, बस खाली. तुला फुगडी चालत न्हाय."

"ही फुगडी कुठं हाय आक्का? अमेरिकेचं हाय हे."

"म्हंजे?"

"म्हंजे ह्याला काय चालतं आन् काय न्हाय, कुणी ठरवलंय अजून?"

आणि बसफुगडीला बसतात तशी ती उकिडवी बसली आणि सुरू झाली.

एक पाय पुढं, एक मागं. तळहातावर भार टाकून गर्रकन गिरकी. ठोक्याला एकही पाय चुकत नव्हता. मधेच आडवी झाली आणि पाठीवर भिंगरीगत फिरली!

दादा दारात थिजून उभा. त्याच्या अख्ख्या ब्रेकडान्सच्या ग्रुपमध्ये ते कुणाला जमत नव्हतं.

माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही आलाय. इतकी वर्षं एवढं सगळं अंगात दाबून माणूस गप्प बसतं तरी कसं?

गाणं संपलं. आई रडत होती. आक्का उठून घरी गेल्या.

पुढच्या गौरीला आक्का आल्या. खेळ रंगात आला आणि त्यांनीच मला हाक मारली.

"ये पोरी, ते अमेरिकेचं लाव की. हिला कवाधरनं ताटकळत ठेवलीयास!"

मग तो रिवाजच झाला. कॅसेट लागली की काकू दारातनं उठायची आणि कुणाचे तरी हात धरून फुगडीच घालायची. गाणं नुसतं नावाला आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलून दाखवलं नाही.

आणि मग एका वर्षी भर खेळात टेप अडकली.

काकूची आणि आक्कांची फुगडी चालू होती. खर्रर्र आवाज आला आणि सगळं शांत.

अमेरिका गेली. उरली ती गौरीपुढची आपली साधी फुगडी, आणि त्यात एक विधवा.

काकूचे पाय मंदावले. तिनं हात सैल केले.

फुगडीत एकीनं हात सोडला की दोघी पडतात.

आक्का ओरडल्या, "सोडू नगंस! धर घट्ट! उखाणा टाक, इंदे!"

काकूनं उखाणा टाकला. आक्कांनी उचलला. आम्ही बाकीच्यांनी टाळ्यांवर ठोका धरला.

ती कॅसेट नंतर कुणी दुरुस्त केली नाही. गरजच पडली नाही.

माझे हे गेले, त्यानंतरच्या पहिल्या गौरीला मी माहेरी फोन केला. म्हटलं, काकू, यंदा मी काही येत नाही खेळायला.

ती तेव्हा अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "का? तुझ्या पायाला काय झालंय?"

मी गेले. खेळले. ती कॉटवर पडल्या पडल्या बोटांनी ठोका देत होती.

काकू, यंदाही येईन गं. दारात बसणार नाही.

तू जा निवांत.