पुढच्या चाकांची फारकत

आबांनी ट्रकमध्ये बसणं सोडलं, हे आधी आमच्या लक्षातच आलं नाही. मणक्याच्या ऑपरेशननंतरही माझे वडील दर रविवारी खाली पार्किंगमध्ये जायचे, बॉनेट पुसायचे, टायर दाबून बघायचे आणि वर यायचे. एकदा मी म्हणालो, "चला, चक्कर मारू." ते म्हणाले, "नको. तू जा. मी इथून बघतो."

हा पिकअप त्यांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर छावणीतल्या लिलावात घेतला होता. आता त्याची पन्नाशीही उलटली आहे. पुढची दोन्ही चाकं एकाच जाड दांड्याला जोडलेली. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही ते दुःख कळायचं, आणि मधल्या माणसाला दोघांचंही. गुडगावात खड्डा शोधावा लागत नाही.

उपाय मी इंटरनेटवर शोधला. दांडा काढून टाकायचा, चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, पुढचा तुकडा कापायचा आणि पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं. त्याचं तयार किट परदेशातून मागवता येतं. तिथले लोक ते आपल्या जुन्या ट्रकना बसवतात आणि त्याबद्दल नव्याने दीक्षा घेतल्यासारखं लिहितात. मीही मागवलं. त्याच आठवड्यात विंटेज नोंदणीचा अर्ज भरायला घेतला, कारण दिल्लीच्या आसपास एवढी जुनी गाडी रस्त्यावर काढायची तर दुसरा मार्ग नाही. दोन्ही कामं एकदम हाती घेतल्याचा मला अभिमान वाटला. ऑफिसात अशा माणसाला बढती देतात.

विंटेजवाल्यांची मी एरवी टिंगल करतो. त्यांच्या एका रॅलीला आबांना घेऊन गेलो होतो. ट्रेलरवरून उतरवलेल्या गाड्यांशेजारी मालक फेटे बांधून उभे होते, आणि प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून दोन तास एकही इंजिन सुरू झालं नाही. तरीही ती खास नंबरप्लेट आपल्या ट्रकला असावी असं मला वाटत होतं. बरंच वाटत होतं.

काम दिल्लीत मायापुरीतल्या एका मिस्त्रींकडे दिलं. साठीचे सरदारजी; किटसोबतचं पुस्तक त्यांनी उघडलंही नाही. कापायच्या दिवशी आबाही आले, टॅक्सीत पाठीशी उशी घेऊन. स्प्रिंगचे पाटे निघाले, दांडा निघाला. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला ट्रक कवळी काढलेल्या माणसासारखा दिसत होता. मिस्त्रींनी चासीवर खडूने दोन रेघा मारल्या, ग्राइंडर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. चिंधीने उजव्या बाजूचं ग्रीस पुसलं.

"सर जी, नंबर तो यहीं ठुका हुआ है."

चासीचा नंबर बरोबर त्या दोन रेघांच्या मधे होता.

"ये कटा, तो गाड़ी काग़ज़ पे मर गयी."

मी तिथेच उभ्याने फोनवर नियम वाचले. विंटेज नोंदणीला चासी मूळचीच लागते. तिच्यात बदल केलेला चालत नाही. हे अर्जाच्या दुसऱ्या पानावरच्या सूचनांत होतं. मी पहिलं पान भरून खूश झालो होतो.

मिस्त्रींना माझी दया आली असावी. "दूसरी जगह ठोक देंगे नंबर. किसको पता चलना है?"

"ना जी," आबा म्हणाले. "फ़ौज में राइफ़ल का नंबर नहीं बदलते."

"आबा, राहू द्या," मी म्हणालो. "जुना दांडा परत लावू. प्लेट मिळेल, गाडी रस्त्यावर तरी काढता येईल."

"कोण काढणार?"

"मी."

"आणि मी?"

मी ग्रीसची चिंधी बघत राहिलो.

"तू लेका फेटा बांधून उभा राहा गाडीपाशी. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "काटो जी."

"फ़ौजी साब, सोच लो. सड़क पे नहीं चलेगी फिर."

"सड़क पे अब मैं भी कहाँ चलता हूँ. काटो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. कागदोपत्री मालक आबाच होते. मी नुसती मान डोलावली. नंबराचा कापलेला तुकडा नोंदणी रद्द करताना जमा करावा लागतो. तो थंड झाल्यावर आबांनी स्वतः रुमालात गुंडाळला.

काम पुरं व्हायला तीन महिने लागले. ट्रक टोइंगच्या गाडीवर चढून घरी आला. आता तो फक्त सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर फिरतो. कमिटीने तीन बैठका घेऊन, 'ज्येष्ठ नागरिकाच्या आरोग्याचा सहानुभूतिपूर्वक विचार करून', रविवारी संध्याकाळी अर्धा तास परवानगी दिली आहे. हॉर्न वाजवायचा नाही. सहा टॉवर, आणि त्यांच्याभोवती गतिरोधकच गतिरोधक.

पहिल्या रविवारी मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"पाण्यावरून चालल्यासारखं. ट्रक वाटत नाही."

"म्हणजे आवडलं नाही?"

"असं कुठं म्हटलं मी? पुढं बघ."

गतिरोधक आला. आबांनी दोन्ही हात सीटवर टेकून अंग उचलून धरलं. ट्रक वर गेला, खाली आला. काहीच झालं नाही. पुढच्या गतिरोधकालाही त्यांनी तसंच केलं.

"आबा, आता नुसतं बसून राहिलं तरी चालतं."

"माहीत आहे. तू हळू घे."

मी आणखी हळू घेतली. मागून एक डिलिव्हरीवाला वैतागून पुढे निघून गेला. दुसऱ्या फेरीत, चौथ्या की पाचव्या गतिरोधकावर, आबा अंग उचलायचं विसरले.