चमचाभर कॉडचं तेल

हाल्वार धक्क्यावरून घरी येताना भिंतीला हात लावून चालायचा आणि समोरून कुणी आलं की हात पटकन खिशात घालायचा. उत्तर नॉर्वेतल्या त्या बेटावर नोव्हेंबरअखेर बुडालेला सूर्य जानेवारीपर्यंत तोंड दाखवत नाही. दुपारच्या निळसर उजेडात इतरांना वाट दिसे. त्याला फक्त दिवे दिसत, दोन दिव्यांमधली जमीन दिसत नसे. डाव्या हाताला समुद्र होता. ज्या धक्क्यावर जन्म गेला, तिथेच एक पाऊल चुकलं की संपलं, या भीतीने तो पाय घासत चाले.

सांगणार कुणाला? शेडमध्ये गळांना आमिष लावणारे सोबती म्हणत, "पुन्हा बादलीत पाय, हाल्वार? सकाळीच घेतलीस वाटतं." तो हसून घ्यायचा. दारुडा ठरलेलं परवडलं, आंधळा नको.

घरी म्हातारी आई होती, बोर्गहिल. सप्टेंबर लागला की एप्रिल सरेपर्यंत रोज सकाळी तिच्या हातून चमचाभर कॉड माशाचं तेल घ्यायचं, हा त्या घरचा नेम. "यानेच डोळे शाबूत राहतात," ती म्हणे. घाबरलेल्या हाल्वारने तिच्या नकळत दुसरा चमचा सुरू केला, मग तिसरा. नजर मात्र आक्रसतच गेली. दाराच्या फटीतून बघावं तसं जग दिसू लागलं.

शेवटी मोठी बहीण इंगुन त्याला ओढतच ट्रोम्सोच्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, पायाचं जन्मापासून आखूड असलेलं बोट निरखलं आणि भलतंच विचारलं, "तुम्हाला वास येतो का?"

इंगुन बाहेर बसली होती, म्हणून तो खरं बोलला. "लहानपणापासून नाही. घरात कुणाला माहीत नाही." माशांच्या गावात नाक नसणं ही सोयच होती, कोण कशाला बोंबलेल?

रक्ताचा निकाल आल्यावर बाईंनी दोघांना समोर बसवलं. "डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी चरबीचे निरोप ऐकून चालतात. एक चरबी सांगते तग धर, दुसरी सांगते आटोप. लोण्यात, मटणात, माशांत ही 'आटोप' म्हणणारी चरबी असते. इतरांचं शरीर ती मोडून टाकतं, तुमचं टाकत नाही. ती साठते आणि पेशी मरतात. हे सगळं बंद, तुम्ही सांगितलंत ते तेलही बंद. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं बहुधा टिकेल."

"आणि नाही बंद केलं तर?" हाल्वारने विचारलं.

"तर उरलेलंही जाईल."

आईला सांगितलं, तेव्हा तिने बाटली मुकाट्याने कपाटात ठेवली. "बरं बाबा, तुमचे डॉक्टर शहाणे," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून हाल्वारच्या ताटात बटाटे, गाजरं आणि सूप. रोज उठल्याबरोबर तो एकेक डोळा झाकून खिडकीची चौकट शोधायचा. सापडली की जीव भांड्यात पडायचा, पण न्याहारीपर्यंतच.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासलं. ती चरबी जिथल्या तिथे होती. हाल्वारची झोप उडाली. एवढं पथ्य पाळूनही अंग ऐकत नाही, म्हणजे आता काही हातात उरलं नाही, असं त्याला वाटू लागलं.

रविवारी इंगुन जेवायला आली. भावाच्या वाडग्याजवळ वाकली आणि थबकली.

"आई, या सुपाला तेलाचा वास येतोय."

बोर्गहिलने नजर चुकवली नाही. "घालते मी. माझ्या पोराचे डोळे जाताना हातावर हात ठेवून बसू?" मग हाल्वारकडे वळली. "आणि चोरून कुठे घालते? घरभर वास सुटतो. तू रोज वाडगा चाटून पुसून संपवतोस. मला वाटलं, तुलाही पटलंय, फक्त इंगुनसमोर बोलत नाहीस."

हाल्वारने वाडगा दूर सारला. "आई, मला वास येतच नाही. कधीच आला नाही. म्हणून चवही धड कळत नाही."

"काहीतरीच. या घरात वाढलास तू."

तिने कपाटातून बाटली काढली, बूच उघडलं आणि बाजूने त्याच्या नाकाशी नेली. इंगुनने तोंड फिरवलं. हाल्वार समोर भिंतीकडे बघत होता. गार काच ओठाला लागली तसा तो दचकून मागे सरला.

"काय आहे ते?" त्याने विचारलं.