आत्याचा रिपोर्ट मी वाचला

हसायचं असेल तर खुशाल हसा, मी काही अडवत नाही. फक्त सगळं ऐकून झाल्यावर माझ्याकडे बघू नका. वेंधळेपणा माझ्या हातून जन्मभर होत आलाय, पण आता सांगतो तो चहासोबत गिळवत नाही. इतकी वर्षं झाली, तरी नाही!

राज्यांची नवी वाटणी झाली, आपली राजधानी नागपूरची सुटून भोपाळ झाली, ते वर्ष. बुऱ्हाणपुरात जिथे जाल तिथे एकच घोळ. फायली कुठे आहेत? साहेब कुठले येणार? आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झाली, नवे काही येईनात, आणि कंपाउंडर सगळ्यांना एकाच बाटलीतलं औषध देत बसला. मी शाळेत शास्त्र शिकवायचो. नवाकोरा बी.एस्सी.! आमच्या अख्ख्या शनवारा पेठेत आपल्याइतकं शहाणं कोणी नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्यात शाळेला मायक्रोस्कोप मिळाला. झालं! एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात ते पोरांना दाखवायचंच, असं मी ठरवलं. पाण्याच्या बरणीवर कांदा ठेवायचा, मुळं फुटली की कापायची, आम्लात गरम करायची, लाल रंग द्यायचा आणि काचेवर अंगठ्याने दाबून चपटी करायची. आठ दिवस मी हेच केलं आणि आठ दिवस मला नुसत्या विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या. कारण काय, तर मी मुळं वरून, कांद्याजवळून कापत होतो! वाढ असते अगदी टोकाला, तिळाएवढ्या जागेत. पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण बी.एस्सी. झालेला माणूस पुस्तक कशाला उघडेल?

बायको म्हणाली, "घरात फोडणीला कांदा नाही. आता तुमचं शास्त्रच चिरू का?"

नवव्या दिवशी दिसलं. एका पेशीत लाल धागे मधोमध रांगेत उभे, शेजारच्या पेशीत तेच धागे दोन टोकांना ओढले गेलेले! मी वर्गातच ओरडलो. हेडमास्तर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

आणि नेमके त्याच दुपारी आतोबा आले.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जवळच्या निंबोला गावी त्यांच्या केळीच्या बागा. आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं. तिच्या मांडीवर गाठ आली होती. बदली व्हायच्या आधी डॉक्टरांनी त्या गाठीचा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला होता, त्याचा इंग्रजी कागद आतोबांच्या हातात होता.

"मास्तर, काय लिखेल आहे रे यात? कंपाउंडर म्हणे मले समजत नाही. तू म्हणशील तर उद्याच्या गाडीनं खंडव्याच्या डॉक्टरले दाखवून येतो."

मी कागद घेतला. वरती एक लांबलचक शब्द होता. तो मला कळला नाही. मला कळला नाही, म्हणजे तो महत्त्वाचा नसणारच! खाली मात्र माझ्या ओळखीची ओळ होती: पेशींचं विभाजन मोठ्या प्रमाणात आढळतं.

"आतोबा!" मी त्यांना मिठीच मारली. "अहो, ही तर आनंदाची बातमी! इकडे या, डोळा लावा."

आतोबांनी पागोटं मागे सरकवून डोळा लावला.

"दिसलं? जिथे जीव जोमात असतो तिथेच असं होतं. आत्याचं शरीर नवं होतंय!"

त्यांनी डोळा बाजूला घेतला. मग हळूच म्हणाले, "पण मास्तर, केळीच्या बुडाशी पिलं लई फुटली की आम्ही कोयत्यानं कापतो. नाही कापली तर तेच सारं खाऊन टाकतात, माय-झाड बसून जातं. वाढ भलत्या ठिकाणी असली तर?"

ऐकलंत? कधी शाळेची पायरी न चढलेला माणूस सगळं बरोबर बोलला होता. आणि मी काय म्हणालो? "केळीचं शास्त्र वेगळं आतोबा, माणसाचं वेगळं. खंडव्याला कशाला जाता?"

"तू शिकेल आहे बाप्पा," ते म्हणाले, कागद माझ्यापाशीच ठेवला आणि शनवाऱ्यातून मावा जिलेबी घेऊन गावी गेले. निंबोल्यात घरोघर वाटली म्हणे!

दीड महिन्याने नवे डॉक्टर आले. त्यांना तो कागद कोणी नेऊन दाखवला असेल? मीच! या गावातही सूक्ष्मदर्शकातलं कळणारा माणूस आहे, हे त्यांना समजावं म्हणून. त्यांनी तो वरचा लांबलचक शब्द वाचला आणि चष्मा काढला.

"हा कागद कधी आला?"

मी सांगितलं.

"आणि इतके दिवस काय केलंत?"

जिलेबी वाटली, असं कसं सांगणार हो?

आत्याला दुसऱ्याच दिवशी मुंबईला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, आधी आला असतात तर नुसती गाठ काढून भागलं असतं. आता पाय मांडीपासून काढावा लागेल. काढला. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतोबांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आत्या वाचली. निंबोल्याला परत आली, तेव्हा मी तिच्या खाटेपाशी जाऊन ढसाढसा रडलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"रडू नको रे. तू सांगितलं म्हणून तितके दिवस मी सुखानं झोपली. नाहीतर घोर लागला असता जिवाले."

असं कोणी माफ करतं का, सांगा! शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या.

मग तिने उशीखालून घडी केलेला कागद काढला. मुंबईहून नवा आला होता, पुन्हा तपासणीचा, पुन्हा इंग्रजीतला. घरात कोणालाही दाखवला नव्हता. माझ्यासाठीच राखून ठेवला होता.

"घे, वाच. तुझ्याशिवाय दुसऱ्यावर माझा भरवसा नाही."

कागद न उघडताच मी तो आतोबांच्या हातात दिला.

"हा आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या. आत्या, मला इंग्रजी वाचता येत नाही."

आत्याने अगदी खऱ्या काळजीने विचारलं,

"मंग शाळेत पोरांले शिकवतो काय रे तू?"