शेवटच्या बाकावरचा उजेड

देवरावकाका गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, विद्यापीठाच्या एका वर्गात शिडीवर उभा होतो. त्यांच्या गावी, मोहगावला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता, तोवर सगळं आटोपलं असतं, म्हणून गेलोच नाही... त्याला आता दीड महिना होतोय.

मीही तिकडचाच, पांढुर्ण्याचा, आठवीत शाळा सोडलेला. काकांनीच मला इथं कामावर आणलं. जुन्या इमारतींत भर दुपारी ट्यूबलाइट जळतात. त्या लागूच नयेत, हे आमचं काम. बुजवलेले झरोके मोकळे करायचे, खिडकीत आडवी पांढरी फळी बसवून उजेड छताकडं उडवायचा, म्हणजे तो खोलीत आतवर पोचतो. काका संत्र्याच्या बागेत वाढलेले. झाडाच्या पोटात ऊन कसं शिरतं ते त्यांना न शिकता कळायचं. काम झालं की कामावरच्या साहेबांचं उजेड मोजायचं मीटर काहीही सांगो, ते दिवे बंद करून एकाला शेवटच्या बाकावर पुस्तक वाचायला बसवत.

एकदा मला बसवलं. मनात आलं, अडखळलो तर साहेब म्हणतील, हा कशाला ठेवला? नुसती नजर फिरवून मी म्हटलं, "दिसून राहिलं काका, एकदम साफ." खोली पास झाली. आठवड्यानं बघतो तर मुलं पुन्हा दिवे लावून बसलेली.

काकांनी मला बाहेर नेलं. "वाचलं होतं का बे तू?"

"वाचता येत नाही धड, काका... मले गावाले धाडतील."

"येवढ्यासाठी पोरायचे डोळे फोडतं का बे?"

मग आत जाऊन साहेबांना म्हणाले, फळी चार बोटं खाली लागली, चूक माझी. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते मला पेपर वाचायला लावत. "जोरात वाच. पेपर काही चावत नाही." शब्द अडला की भाकरी चावत थांबून राहत, पण सांगत नसत. आज हे लिहितोय ते त्याच जोरावर.

गेल्या आठवड्यात नव्या वर्गाची तपासणी होती. साहेबांना घाई. मी शेवटच्या बाकावर अख्खं पान मोठ्यानं वाचलं. खालच्या ओळी पुसट होत्या.

"साहेब, दिसत नाही."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "नाही दिसत." ते फळी बघायला खिडकीकडं गेले, आणि मी बाकावर आपसूकच जरा आत सरकलो... काकांना बसायला जागा होईल इतका.