जाड मानेची गिटार

टेलरमास्तरांनी गाणं मध्येच थांबवलं. मागे वळूनही न बघता म्हणाले, "कॉइलबाई, सूर चढतोय."

हॉलमध्ये सराव चालला होता. मास्तर गाणारे, पोटासाठी कपडे शिवणारे. ड्रमवर त्यांचा मेहुणा, बेसवर निवृत्त बसचालक आणि गिटारवर कॉइलबाई. तिचं खरं नाव बँडमध्ये कुणी घेत नसे. जन्मभर तिने कारखान्यात विजेच्या मोटारी भरल्या होत्या. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेची कॉइल वेढ्याला वेढा लावून बसवायची. नोकरी सुटली तेव्हा शेजारणींनी विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, वाजवणार. आणि खरंच वाजवू लागली.

"गिटार म्हातारी झालीय, मास्तर," ती म्हणाली. "मान वाकलीय तिची."

"मग बदला." आता मात्र मास्तर वळले. "हॉलला नवं छत बसलंय, त्याचा कार्यक्रम तोंडावर आलाय. शेवटच्या गाण्यात ड्रम नाही, बेस नाही. मी एकटा आणि तुम्ही एकट्या. तिथे तुमचा सूर चढला तर मी सगळ्यांसमोर उघडा पडेन. माझ्या भाच्यालाही गिटार येते, बाई. त्याला बोलवायची वेळ आणू नका."

भाचा म्हणजे ड्रमवाल्याचाच मुलगा. ड्रमवाल्याने मान खाली घालून एक स्क्रू उगाच घट्ट केला. कॉइलबाईने गिटार पिशवीत घातली. त्या बँडमधली खुर्ची सोडली तर निवृत्तीनंतर तिचं म्हणावं असं काही तिच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वाद्यांच्या दुकानात गेली. धाकटी बहीण खालच्याच मजल्यावर राहायची. गिटारीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण ताईला कुणी गंडवू नये म्हणून ती पायात चपला अडकवून बरोबर निघाली.

दुकान अरुंद आणि लांबट. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून एका गिटारीच्या तारा बदलत बसला होता.

"जुन्या बांधणीची इलेक्ट्रिक गिटार हवी," कॉइलबाई म्हणाली.

"कुठल्या काळातली, मावशी?"

त्याने तीन गिटारी काढून टेबलावर मांडल्या. तिन्ही नव्या कोऱ्या, पण घडण तीन वेगवेगळ्या काळांतली. एक पन्नासच्या दशकासारखी: फिकट पिवळी, सपाट, मान चांगली गुबगुबीत. दुसरी साठच्या दशकातली वाटावी अशी: लाल, कडा गोलावलेल्या, मान सडपातळ. तिसरी सत्तरच्या दशकाच्या धर्तीवर: गडद तपकिरी, जड लाकडाची, वरचं टोक मोठं.

तपकिरी तिने खांद्याला लावून बघितली. पट्टा खांद्यात रुतला.

"ही गिटार आहे की दाराची फळी?" धाकटी म्हणाली.

"आवाज भरदार आहे हिचा," दुकानदार म्हणाला.

"असेल. पण ती ताईला वाजवेल. ताई तिला कशी वाजवणार?"

फळी बाजूला गेली. पिवळीकडे बघून धाकटीने नाक मुरडलं. "आणि हा भाजी चिरायचा पाट." तोही सरकवला. मग कॉइलबाईने लाल गिटार मांडीवर घेतली.

कामाला लागली त्या वर्षी कारखान्याच्या वाटेवर एक दुकान होतं. त्याच्या काचेत अशीच लाल गिटार उभी असायची. कॉइलबाई रोज तिथे थबकायची आणि भोंगा झाला की पळत सुटायची. एके दिवशी काचेत दुसरंच काही दिसलं. तेव्हापासून ती लाल गिटार तिच्या डोक्यात होती. आता तशीच एक मांडीवर होती. तिने सूर लावला आणि वाजवायला लागली. मान इतकी बारीक की हात आपोआप मिटला. आवाज काचेसारखा स्वच्छ.

"हीच," ती म्हणाली.

दुकानदाराने टेबलावर एक लहानसा डबा ठेवला. त्यावर काटा होता. "एकदा सूर तपासून घेऊ."

मोकळी तार छेडली की काटा मधोमध उभा राहत होता. तिने बोटं दाबून वाजवलं, तसा तो उजवीकडे कलला. दुसऱ्या जागी वाजवलं. पुन्हा उजवीकडे. मास्तर म्हणाले होते तसाच सूर चढत होता.

"बिघाड आहे हिच्यात," धाकटी लगेच म्हणाली. "दुसरी दाखवा."

दुकानदाराने गिटार घेतली आणि तेच स्वर स्वतः वाजवले. काटा हलला नाही.

कॉइलबाईचे कान तापले. घरच्या गिटारीची मान वाकलेली होती, हे खरं. पण या गिटारीची सरळ होती. म्हणजे दोष गिटारीत नव्हताच. तिने गिटार परत घेतली आणि या वेळी काट्याकडे न बघता स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत वाजवलं.

"ताई, अगं गळा दाबतेयस तिचा!" धाकटी हसत म्हणाली. "मोटार भरतेयस का?"

कॉइलबाई हसली नाही. ती वाजवायची थांबली. धाकटी गमतीत बोलली होती, पण बोलली होती खरं.

मोटार भरताना तार डाव्या हाताच्या अंगठ्यातून आणि पहिल्या बोटातून जाते. ती चिमट्यात धरायची आणि ताण कायम ठेवायचा. ढिली पडली की वेढे फुगतात, कॉइल खाचेत बसत नाही. बळजबरीने ठोकून बसवली तर तारेवरचं वार्निश खरचटतं आणि मोटार पुन्हा जळते. नवीन माणसाला तिथे पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: डावा हात सोडायचा नाही. तिने तो कधीच सोडला नव्हता. नोकरी संपली तरी हाताला कुणी कळवलंच नव्हतं. तो गिटारीची तारही आवळून ताणत होता, आणि ताणलेल्या तारेचा सूर चढतो.

"तो पाट द्या इकडे," ती म्हणाली.

पिवळीची मान मुठीत मावेना. अंगठा वरून आवळायला जाई, पण पोचतच नसे. शेवटी मागेच टेकून राही. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्याही जुन्या पद्धतीच्या, बुटक्या. बोट दाबलं की लगेच लाकडाला लागे. त्यापुढे तार दबायला जागाच नव्हती. तिने वाजवलं. काटा उजवीकडे सरकला, पण जेमतेम.

"अर्धं काम या मानेनं केलं," दुकानदार म्हणाला.

"उरलेलं मी करीन."

आता धाकटीलाच राहवेना. "ताई, लालच घे गं. इतकी वर्षं तीच तर म्हणत होतीस. हात काय, होईल सवय."

कॉइलबाईने लाल गिटार उचलली. तिच्या गोल कडेवरून एकदा हात फिरवला. मग ती दुकानदाराकडे दिली. "टांगा परत. भिंतीवर छान दिसते ती. मला बँडमधल्या खुर्चीत बसून वाजवायचंय."

पिवळी घेऊन दोघी घरी आल्या.

मग खरं काम सुरू झालं. पहिले काही दिवस कॉइलबाई अंगठा न लावता वाजवत राहिली. अंगठा हवेत, बोटं तारांवर. स्वर फरफरत, दंड भरून येई. बरं, अंगठा पुन्हा टेकवला की तो कधी आवळायला लागे, तिचं तिलाच कळत नसे. कुणीतरी तपासणारं हवं होतं. तिने जुन्या कामाच्या पेटीतून कागद काढला. मोटारीच्या खाचांमध्ये तार आणि लोखंड यांच्या मध्ये घालतात तो चिवट, गुळगुळीत कागद. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. एक पट्टी अंगठा आणि मान यांच्यामध्ये ठेवली आणि धाकटीला समोर बसवलं.

"मी वाजवत असताना मध्येच ओढायची. कधी, ते मला सांगायचं नाही. अलगद निघाली तर ठीक. अडकली की मी पुन्हा पहिल्यापासून."

"आणि फाटली तर?"

"तरी पहिल्यापासून."

धाकटीने हे काम फार मनावर घेतलं. भाजी निवडता निवडता ओढायची, फोनवर बोलता बोलता ओढायची. पट्ट्या अडकत, धाकटीने जोर लावला की फाटत. शेवटच्या गाण्याचा लांब स्वर आला की हमखास.

"गेली! पुन्हा!" धाकटी ओरडायची.

"तुला मजा येतेय."

"लहानपणापासून तू मला ओरडलीस. आता माझी पाळी."

कॉइलबाई पुन्हा पहिल्यापासून वाजवायची. कंटाळा आला म्हणून तिने एकदाही गाणं मधूनच उचललं नाही. हळूहळू पट्ट्या सबंध निघू लागल्या. लांब स्वराची पट्टी मात्र कधी निघे, कधी अडके.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. नव्या छताखाली जुनेच पंखे फिरत होते. पहिल्या रांगेत मास्तरांचा भाचा बसला होता. मिशीवाला, चांगला थोराड माणूस. मांडीवर गिटारीची पेटी, पेटीच्या कड्या उघड्या. मास्तरांनी सोय करून ठेवली होती. कॉइलबाईने ती पाहिली आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.

एकामागून एक गाणी झाली. मग शेवटचं आलं. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. बसचालकाने तारांवर तळहात टेकवला. मास्तरांचा आवाज आणि पिवळी गिटार, बाकी काही नाही. गाणं चढत गेलं आणि लांब स्वराशी आलं. सरावात मास्तर तिथे दम पुरेल इतकं थांबून खाली उतरायचे. आज त्यांना समोर लोक दिसले. ते उतरलेच नाहीत. स्वर ताणतच राहिले.

कॉइलबाईच्या हाताला जुनी आठवण झाली. ताण आला की आवळ. अंगठा सरसावलाच. पण मागे ती जाड मान होती, आणि समोर, तिसऱ्या रांगेत, धाकटी दोन बोटांची चिमूट हवेत धरून बसली होती. आता ओढते की मग ओढते. कॉइलबाईने अंगठा सैल सोडला.

स्वर सरळ उभा राहिला. मास्तरांनी त्यावर आपला आवाज टेकवला आणि तो तसूभरही हलला नाही. मास्तर गाता गाता वळले. लोकांकडे पाठ करून, कॉइलबाईकडे तोंड करून, ते पुन्हा चढले. ठरलेलं नसताना अख्खं कडवं पुन्हा गायले, पहिल्यापेक्षा मोकळ्या आवाजात. ती बरोबर गेली, शेवटच्या मात्रेपर्यंत.

गाणं संपलं आणि हॉल उठला. टाळ्या थांबेनात. ड्रमवाल्याने दोन्ही काठ्या एकदम वर फेकल्या, एक झेलली. भाच्याने पेटीच्या कड्या लावल्या आणि पेटी खुर्चीवर ठेवून तोही उभा राहिला.

"कॉइलबाई," मास्तर घाम पुसत म्हणाले, "मी आज कुठवर गेलो बघितलंत?"

"बघितलं. मी तिथेच होते."

मास्तर मोठ्याने हसले. "पुढच्या कार्यक्रमाला हीच खुर्ची. आणि तुम्ही म्हणता तो पाट."

"पाट कोण म्हणालं?" असं विचारत धाकटी स्टेजवर चढली. तिने पर्समधून कागदाची पट्टी काढली. "वाजव परत तो स्वर."

"आता? लोक बघतायत."

"बघू देत. वाजव."

कॉइलबाईने वाजवलं. धाकटीने पट्टी अंगठ्याखाली सरकवली, क्षणभर थांबली आणि ओढली. सुळकन निघाली. तिने ती दिव्याकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासली.

"सबंध आहे," तिने जाहीर केलं, आणि पट्टी जपून पर्समध्ये ठेवली.